घृणेला हानीचा वेश: ‘मॅनहंट’ची चार वर्षं

लेस्टरच्या पोलिसांना ‘मॅनहंट’ची प्रत सापडली ती खून करणाऱ्याच्या नव्हे, खून झालेल्या मुलाच्या खोलीत. एवढी एक गोष्ट नीट वाचली गेली असती, तर एका व्हिडिओ गेमवरून ब्रिटनमध्ये पुढची चार वर्षं जे महाभारत घडलं ते कदाचित वेगळ्या वळणाने गेलं असतं. फेब्रुवारी २००४च्या शेवटच्या दिवसांत या शहरातल्या एका बागेत सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या चौदा वर्षांच्या मित्राला हातोडा आणि सुरीने मारलं. अमली पदार्थांची उधारी डोक्यावर होती, ती फेडायला पैसे हवे होते आणि लुटण्याच्या इराद्यानेच तो मित्राला तिथे घेऊन गेला, असं पोलिसांनी सांगितलं. आरोपीने जुलैमध्ये गुन्हा कबूल केला. सप्टेंबरमध्ये त्याला जन्मठेप झाली, किमान तेरा वर्षांची. कोर्टापुरतं प्रकरण तिथे मिटलं. पण कबुलीच्या दुसऱ्याच दिवशी ‘डेली मेल’च्या मथळ्यात खुनी म्हणून नाव आलं ते प्लेस्टेशनचं. मारणाऱ्याला या गेमचं वेड होतं असं त्याच्या मित्रांकडून कळल्याचं मृत मुलाच्या आईने सांगितलं होतं आणि तिच्या दुःखापुढे युक्तिवाद करायला कोण धजणार? त्या दिवसापासून ‘मॅनहंट’ला एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: हा खेळ खुनी तयार करतो का? प्रश्न भयंकर होता, पण सोपा होता आणि चुकीचाही होता. या गेममध्ये खरोखर काय आक्षेपार्ह आहे ते सांगायला ब्रिटनच्या कायद्यात आणि वर्तमानपत्रांत शब्दच नव्हते. म्हणून किळस वाटली तरी तिला हानीचा वेश चढवून उभं करावं लागलं.

गेममध्ये होतं काय, ते आधी पाहू. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’मुळे गाजलेल्या रॉकस्टार नॉर्थ या एडिंबरातल्या कंपनीने तो बनवला आणि नोव्हेंबर २००३मध्ये प्लेस्टेशन २साठी तो बाजारात आला. जेम्स अर्ल कॅश नावाच्या कैद्याला विषारी इंजेक्शनने देहदंड द्यायचा असतो. शिक्षा झाली असं जग समजतं, पण तो शुद्धीवर येतो आणि कानात एक आवाज बोलू लागतो. आवाजाचा मालक स्वतःला दिग्दर्शक म्हणवतो. कार्सर सिटी या कुजलेल्या शहरात त्याने गुंडांच्या टोळ्या आणि कॅमेरे पेरून ठेवलेत. कॅशने त्या गुंडांना एकेक करून मारायचं आणि ते मरण याने चित्रित करायचं, असा सौदा. हा आवाज स्कॉटिश अभिनेते ब्रायन कॉक्स यांचा आहे, आणि संपूर्ण गेममध्ये सर्वांत भीतिदायक काही असेल तर त्या आवाजातली मजा. समोरासमोर भिडलात तर दोन-तीन गुंडांपुढे कॅशचा टिकाव लागत नाही. म्हणून लपायचं. भिंतीला पाठ लावून अंधारात उभं राहिलं की पडद्याच्या कोपऱ्यातली छोटी आकृती निळी होते. आता तुम्ही कुणाला दिसत नाही. एखादी वीट किंवा रिकामा डबा लांब भिरकावला की आवाजाच्या दिशेने एक गुंड कुरकुरत निघतो, तुमच्या समोरून जातो, पाठ फिरवतो. मग मागे जायचं आणि बटण दाबून धरायचं. ज्यांच्याकडे प्लेस्टेशनचा हेडसेट होता त्यांच्या तर कानातच दिग्दर्शक कुजबुजत असे आणि माइकमधून त्यांचा स्वतःचा खोकलासुद्धा त्या गुंडांना ऐकू जात असे.

बटण दाबून धरल्यावर जे होतं त्यातच सगळ्या वादाचं मर्म आहे. गुंडावरची खूण आधी पांढरी असते, थोडं थांबलात तर पिवळी होते, आणखी थांबलात तर लाल. पांढऱ्यावर बटण सोडलं तर घाईत उरकलेला खून. प्लास्टिकची पिशवी डोक्यावर आवळली, संपलं. लालपर्यंत थांबलात तर त्याच पिशवीने जे होतं ते लांबलचक आणि ओंगळ असतं. मरण्यापुरतं पाहिलं तर पांढरा आणि लाल यांत काडीचाही फरक नाही, गुंड दोन्ही वेळा तितकाच मरतो. उलट, लालची वाट बघताना तो वळून पाहण्याचा धोका वाढतो. म्हणजे जास्त क्रूर व्हायचं तर खेळणाऱ्याने स्वतःहून जोखीम पत्करायची, स्वतःहून थांबायचं. बदल्यात मिळतं काय? खून होत असताना पडद्यावरचं चित्र बदलतं, कॅमेऱ्याच्या खरखरीत चित्रफितीतून तो दिसू लागतो, दिग्दर्शक खूश होतो आणि प्रवेशाच्या शेवटी पदरात जास्त तारे पडतात. बहुतेक हिंसक खेळांत हिंसा वाटेत येते. पलीकडे जायचंय, मधे शत्रू आहे, मारा. इथे वाटेत येणारी हिंसा एका क्षणात संपवता येते आणि उरलेली सगळी तुमच्या आवडीवर सोडलेली असते. एका अर्थी या गेमने खेळणाऱ्यालाच विचारलं होतं की, बाबा रे, तू थांबलास का? हा प्रश्न नैतिक आहे आणि अस्वस्थ करणारा आहे. तो कुठल्याही कोर्टात विचारता येत नाही.

ब्रिटनला मात्र दुसऱ्याच प्रश्नाची, हे पाहून माणसं बिघडतात का याची, सवय वीस वर्षांपासून जडलेली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घरोघरी व्हिडिओ प्लेअर आले, गल्लीतल्या दुकानांत भाड्याच्या कॅसेट मिळू लागल्या आणि त्यात सेन्सॉरच्या हाताखालून न गेलेले स्वस्त भयपट शिरले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘व्हिडिओ नॅस्टी’ असं नाव दिलं, सरकारी वकिलांनी ७२ चित्रपटांची यादी केली आणि १९८४मध्ये ग्रॅहॅम ब्राइट या खासदाराच्या खासगी विधेयकातून व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अ‍ॅक्ट झाला. चित्रपटगृहांसाठी प्रमाणपत्रं देणारं ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म क्लासिफिकेशन, म्हणजे बीबीएफसी, आता घरातल्या पडद्याचंही राखणदार झालं. या कायद्याने व्हिडिओ गेमना चक्क सूट दिली होती. त्यात अंगच्छेद, छळ, अतिरेकी हिंसा किंवा लैंगिक दृश्यं असतील तरच प्रमाणपत्राची गरज. १९८४मधला गेम म्हणजे काळ्या पडद्यावर सरकणारे चौकोन. त्यांना कसलं प्रमाणपत्र द्यायचं, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. मग १९९३ उजाडलं. लिव्हरपूलजवळ दोन वर्षांच्या एका मुलाला दहा-दहा वर्षांच्या दोन मुलांनी मारलं. खटल्याच्या शेवटी न्यायाधीशांनी हिंसक व्हिडिओंचा ओझरता उल्लेख केला आणि वर्तमानपत्रांनी ‘चाइल्ड्स प्ले ३’ हा चित्रपट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. तपासातून त्या चित्रपटाचा काही संबंध निघाला नव्हता. तरी १९९४मध्ये कायद्यात एक कलम आलंच: प्रमाणपत्र देताना बोर्डाने त्या कलाकृतीमुळे प्रेक्षकांना, आणि त्यांच्या वागण्यातून समाजाला, होऊ शकणाऱ्या हानीकडे विशेष लक्ष द्यावं. ‘हानी’ हा शब्द असा एका सिद्ध न झालेल्या संबंधातून कायद्यात शिरला. पुढे ‘मॅनहंट’ला ज्या दारातून जावं लागलं ते दार हे.

२००४मधल्या घटना या जुन्या वहिवाटेनेच चालल्या. नावं तेवढी बदलली. लेस्टरचे मजूर पक्षाचे खासदार कीथ वाझ यांनी हा प्रश्न संसदेत लावून धरला. वाझ यांचा जन्म एडनमधला, आईवडील गोव्याचे, आणि १९८७पासून ते लेस्टरमधून निवडून येत होते. हिंसक गेमविरुद्धची मोहीम त्यांनी पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. मायामीहून जॅक थॉम्पसन नावाचे वकील आवाज चढवू लागले. अमेरिकेत अशाच प्रकरणांत गेम कंपन्यांवर खटले भरणं हा त्यांचा जणू धर्मच होता. २००८मध्ये वकिली आचाराच्या कारणावरून त्यांची सनद गेली. डिक्सन्स आणि गेम या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांनी माल फळीवरून उतरवला. ज्या दुकानांत तो उरला होता तिथे मागणी वाढली, हे सांगायला कुणा ज्योतिष्याची गरज नव्हती. पोलिसांनी संबंध नाही म्हटलं, हेतू लुटीचा होता म्हटलं, प्रत मृताकडे होती म्हटलं. पण हे खुलासे बातमीच्या तळाला गेले आणि मथळा वर राहिला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लेस्टरमध्ये संबंध सिद्ध झाला नाही, म्हणून गेम निर्धोक ठरतो का? पुरावा नाही याचा अर्थ परिणाम नाही, असा होत नाही; औषध बाजारात आणताना आपण कंपनीकडून निर्धोकपणाचा पुरावा मागतो, मग मुलांच्या मनावर चालणाऱ्या गोष्टीला उलटा न्याय का? यावर उत्तर असं की, सावधगिरीची ही मागणी कायद्याने आधीच मान्य केली होती. बीबीएफसीने ‘मॅनहंट’ला १८ वर्षांचं प्रमाणपत्र दिलं होतं आणि त्याहून लहान मुलाला तो विकणं हा गुन्हा होता. चौदा वर्षांच्या मुलाच्या खोलीत तो कसा पोहोचला, हा विचारण्याजोगा प्रश्न होता. त्याची उत्तरं दुकानाच्या गल्ल्यावर, मित्रांच्या देवघेवीत आणि प्रत्येक घराच्या आत शोधावी लागली असती, आणि ती शोधण्यात कुणालाच गोडी नव्हती. शिवाय औषधाची तुलनाही फार ताणता येत नाही. औषधाचा परिणाम रक्तात मोजता येतो. खेळाचा परिणाम मोजू गेलेले मानसशास्त्रज्ञ तेव्हाही आपसांत भांडत होते, आणि आक्रमकतेतला किंचित तात्पुरता फरक आणि खून यांच्यातलं अंतर कुठल्याच प्रयोगाने भरून काढलेलं नव्हतं. सगळ्या बाजूंनी पाहिलं तर हानीचा आरोप टिकत नव्हता. तरीही ज्यांना हा गेम बघून मळमळलं, त्यांची मळमळ खोटी नव्हती.

ती मळमळ उघडपणे बोलून दाखवण्याची सोय कुठे होती आणि कुठे नव्हती, हे इतर देशांकडे पाहिलं की कळतं. न्यूझीलंडने लेस्टरच्या घटनेच्या अडीच महिने आधीच, ११ डिसेंबर २००३ला, ‘मॅनहंट’वर बंदी घातली. प्रत जवळ बाळगणंही तिथे गुन्हा झाला. मुख्य सेन्सॉर बिल हेस्टिंग्ज यांचा रोख खुनी तयार होण्यावर नव्हता. खेळणाऱ्याला या खुनांना किमान मूक संमती द्यावी लागते, ते सहन करावे लागतात आणि तिथून त्यांची मजा वाटण्याकडे वाट जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या कायद्याची कसोटी ‘सार्वजनिक हिताला अपायकारक’ अशी रुंद होती, त्यात हे बसत होतं. बंदीशी असहमत असलेल्यानेही कबूल करावं की या माणसाने निदान गेम नीट पाहिला होता. पांढरा-पिवळा-लालचा अर्थ त्याला कळला होता. जर्मनीत २००४च्या जुलैमध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गेम जप्त करवला. तिथल्या फौजदारी कायद्यात हिंसेचा उदो-उदो करणं आणि मानवी प्रतिष्ठा तुडवणं हाच गुन्हा आहे, कुणी बिघडलं की नाही हे सिद्ध करावं लागत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने गेमला चक्क चित्रपट समजून प्रौढांपुरता मर्यादित केला. ऑस्ट्रेलियात आधी पंधरा वर्षांवरच्यांसाठी प्रमाणपत्र मिळालं होतं ते सप्टेंबर २००४मध्ये काढून घेतलं. पण तिथली गोम वेगळी: गेमसाठी अठरा वर्षांचा वर्गच तेव्हा अस्तित्वात नव्हता, तो आला २०१३मध्ये. पंधराच्या वर गेलं की थेट बंदी.

ब्रिटनमध्ये खरी कसोटी लागली ती दुसऱ्या भागाच्या वेळी. ‘मॅनहंट २’ २००७च्या उन्हाळ्यात यायचा होता. यात वेड्यांच्या इस्पितळातून निसटलेला, स्मृती हरवलेला डॅनियल लॅम्ब आहे. आणि निन्टेंडोच्या वी या यंत्रावर तर खून करताना हातातला रिमोट तसाच हलवायचा होता. १९ जून २००७ला बीबीएफसीने प्रमाणपत्र नाकारलं. दहा वर्षांपूर्वी ‘कार्मागेडन’ या मोटारीखाली माणसं चिरडण्याच्या गेमला नकार मिळाला होता आणि तो अपिलात उलटला होता; त्यानंतरचा हा पहिलाच. नकाराची कारणं वाचण्यासारखी आहेत. बोर्डाचे संचालक डेव्हिड कुक यांनी गेमचा अखंड उदास आणि निर्दय सूर, पाठलाग आणि कत्तल यांवरच खिळलेली नजर, सहज केलेल्या क्रौर्याचा साचत जाणारा थर, आणि खेळणाऱ्याला दुसरा कुठलाच आनंद देऊ न केल्याची बाब मांडली. हा दोष सगळीकडे मुरलेला असल्याने कापाकापीने निघणार नाही, असंही म्हटलं. हे सगळं एखाद्या कडक समीक्षकाने लिहावं असं आहे, आणि समीक्षा म्हणून चांगलं आहे. पण समीक्षेच्या जोरावर प्रमाणपत्र नाकारता येत नाही. म्हणून निवेदनाच्या शेवटाकडे तो शब्द आलाच: प्रौढांना आणि मुलांना हानीचा समर्थन न करता येण्याजोगा धोका. आधीच्या वाक्यांमध्ये सूर, चव, आनंद; शेवटच्यात हानी. सांधा कुठे जोडलाय ते उघड्या डोळ्यांना दिसतं.

आयर्लंडनेही त्याच सुमारास बंदी घातली. अमेरिकेत ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का बसला. ऐकायला तो सौम्य वाटतो, पण सोनी आणि निन्टेंडो असा शिक्का असलेला गेम आपल्या यंत्रावर चालूच देत नसत, म्हणजे व्यवहारात तीही बंदीच. टेक-टू या मालक कंपनीने खुनांच्या दृश्यांवर धूसर पडदे चढवले, अमेरिकेत सौम्य शिक्का मिळवला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गेम विकायला काढला. बीबीएफसीने सुधारित आवृत्तीही नाकारली. मग प्रकरण व्हिडिओ अपील समितीपुढे गेलं आणि डिसेंबरमध्ये समितीने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. बोर्ड उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २००८मध्ये न्यायमूर्ती विन विल्यम्स यांनी समितीने कायदा चुकीचा वाचल्याचा निर्णय दिला: कायद्यात झालेल्या हानीची नाही, होऊ शकणाऱ्या हानीची गोष्ट आहे, आणि होऊ शकते हे ठरवायला प्रत्यक्ष नुकसानीचा पुरावा लागत नाही. बोर्डाचा हा मोठा विजय होता, कारण १९९४च्या कलमाला त्याने हवा तेवढा ताण दिला. आणि तरीही, याच कसोटीने समितीने पुन्हा विचार केला, तेव्हा निकाल पुन्हा गेमच्याच बाजूने गेला. १४ मार्च २००८ला बीबीएफसीने हात टेकून १८चं प्रमाणपत्र दिलं. म्हणजे हानीची कसोटी जितकी सैल करता येईल तितकी केली, तिच्यात ‘शक्यता’ ओतली, तरी गेम तिच्यात सापडला नाही. ती कसोटीच त्या गोष्टीसाठी घडवलेली नव्हती.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे. या गेममध्ये नैतिक प्रश्न वगैरे शोधणं म्हणजे बाजारी मालाला अत्तर लावणं नव्हे का? दिग्दर्शक हा खलनायक आहे, प्रेक्षकाच्या हिंस्र भुकेवरच ही टीका आहे, असं चाहते म्हणतात. पण कंपनीने गेम विकला तो त्याच भुकेला हाक देऊन. ही शंका रास्त आहे, आणि कंपनीच्या आतूनच तिला दुजोरा मिळाला होता. रॉकस्टारच्या एका माजी कर्मचाऱ्याने २००७मध्ये लिहिलं की पहिल्या ‘मॅनहंट’वरून कंपनीत बंड व्हायचं बाकी होतं. एडिंबराच्या चमूचा हा लाडका प्रकल्प, पण बाकीच्या अनेकांना तो नकोसा होता आणि याचं समर्थन कसं करायचं ते कळत नव्हतं. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ची हिंसा थट्टेच्या आड लपवता येत होती, इथे आडोसाच नव्हता. ही साक्ष कंपनीविरुद्ध जाते हे खरं. पण ती कशाबद्दल आहे ते बघा. मुलं खून करतील अशी भीती त्या लोकांना नव्हती. आपण काय करतोय, खेळणाऱ्याकडून काय करून घेतोय, याची त्यांना लाज वाटत होती. खरी तक्रार कंपनीच्याच आत बोलली जात होती आणि बाहेर, संसदेत आणि मथळ्यांत, भलत्याच आरोपावर खटला चालू होता. एखादी कृती वाईट आहे असं म्हणण्यासाठी तिने आणखी एखादं प्रेत पाडलं पाहिजे, ही अट घातली की प्रेत सापडेपर्यंत शोधावं लागतं. लेस्टरच्या त्या आईवडिलांना चार वर्षं हा शोध आपल्या मुलाच्या नावाने चाललेला पाहावा लागला.

प्रमाणपत्र मिळाल्यावर ‘मॅनहंट २’ ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २००८ला आला, आणि मामुली प्रतिसाद घेऊन मावळला. निषिद्ध फळ म्हणून त्याचा जेवढा बोलबाला झाला होता त्या मानाने खेळायला तो सुमार निघाला, असं समीक्षकांचं मत पडलं. प्रमाणपत्रानंतर पंधरवड्यातच मानसशास्त्रज्ञ टान्या बायरन यांचा अहवाल सरकारला सादर झाला. मुलं, इंटरनेट आणि गेम यांवरचं हे काम पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी त्यांच्याकडे सोपवलं होतं. बंदीपेक्षा आईवडिलांना कळेल असं स्पष्ट वर्गीकरण हवं, असा त्याचा कल होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तर अशी गोष्ट बाहेर आली की कादंबरीकाराने लिहिली असती तर संपादकाने काट मारली असती. १९८४चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अ‍ॅक्ट युरोपियन आयोगाला कळवायचाच राहून गेला होता. त्यामुळे पंचवीस वर्षं ज्या कायद्याने दुकानदारांना शिक्षा झाल्या, ‘मॅनहंट’ला १८चा शिक्का बसला आणि उच्च न्यायालयात ‘हानी’ शब्दाचा कीस पाडला गेला, तो कायदा काटेकोरपणे बघितलं तर अंमलातच आणता येत नव्हता. जानेवारी २०१०मध्ये संसदेने तोच मजकूर घाईघाईने पुन्हा संमत केला. गेमचं वर्गीकरण मात्र बीबीएफसीच्या हातून गेलं. ३० जुलै २०१२पासून ब्रिटनमध्ये पेगी ही युरोपीय पद्धत कायद्याने लागू झाली. तिच्या १८च्या वर्गाच्या व्याख्येत अतिरेकी हिंसा, कारणाशिवाय केलेली हत्या आणि प्रतिकार करू न शकणाऱ्या पात्रांवरचे अत्याचार या तीन गोष्टी येतात. पडद्यावर काय दिसतं तेवढंच ती नोंदवते. बघणाऱ्याचं पुढे काय होईल, याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही.